अमिनाबीच्या परसातले होले

पिंजाऱ्याच्या घरी दिलेला कापूस कधी पुरता परत येत नाही, असं जवळा बाजार गावातल्या प्रत्येक बाईचं ठाम मत होतं. चाँद पाशा पिंजाऱ्याची बायको अमिनाबी हे मत खोडून काढायच्या भानगडीत पडत नसे. गादी न्यायला आलेल्या बाईनं विचारायच्या आतच ती सांगून टाकायची, "थोडा कमी हाय बाई. पाखरांनी नेला." बाई फणकारायची, "पाखरं बरी तुमच्याच घरी येतात कापसाला!" मग अमिनाबी तिला हाताला धरून मागच्या परसात न्यायची. शेवग्याच्या बेचक्यात बुलबुलाचं घरटं असायचं, त्यात मऊसूत पांढरं अस्तर. वालाच्या वेलावर शिंपी पाखरानं दोन पानं कापसाच्या धाग्यानं अशी शिवलेली असायची की गावच्या शिंप्यानं खाली मान घालावी. "बघा, तुमच्याच गादीतला हाय," असं अमिनाबी मोठ्या अभिमानानं सांगायची, जणू त्या बाईनं बुलबुलाला आहेर केला होता. बाई हसत घरी जायची. कापूस कमी भरेल, पण ही पिंजारीण खोटं बोलणार नाही, एवढं सगळ्या बाजाराला माहीत होतं.

ते निजामाच्या राज्यातले दिवस होते, दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधीचे. अमिनाबी वसमतहून लग्न होऊन आली तेव्हा घरामागे नुसता उकिरडा होता. तिनं तो उपसला, न्हाणीचं पाणी पाट काढून तिकडे वळवलं आणि डाळिंब, शेवगा, जामाचं झाड असं एकेक लावत गेली. चाँद पाशा ओसरीवर कापूस पिंजायला बसला की धनुष्यासारख्या धनुकलीची तात दिवसभर घुमायची, कापसाचे पुंजके भिंतीवरून उडत परसात जायचे आणि पाखरांची झुंबड उडायची. दोन्ही पोरी लग्न होऊन वसमतकडे गेल्यावर घर सुनं झालं होतं. मग नवऱ्यापेक्षा पाखरांशीच तिचं बोलणं जास्त व्हायला लागलं. चाँद पाशाची त्याबद्दल तक्रार नव्हती. तो बिचारा मुळातच कमी बोलायचा.

परसाच्या पलीकडे मातीची कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे गोजरबाई.

गोजरबाईचं घर कुणब्याचं, खाऊनपिऊन सुखी. मुलगा किसनराव शेती बघायचा. गोजरबाई वयानं अमिनाबीपेक्षा आठदहा वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ आणि पाखरांची जन्माची वैरीण. वाळवण घातलं की चिमण्यांना शिव्या, जाम पिकले की राघूंना शिव्या, आणि सातभाईंचा थवा अंगणात उतरला की त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार. "तूच लाडावून ठेवलेत गं हे मुडदे!" असं ती भिंतीवरून ओरडायची. "चार दाणे घाला आक्का, मग न्हाई वरडणार," असं अमिनाबी इकडून म्हणायची. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं आणि दोघींनाही त्याशिवाय करमत नव्हतं. एकीला ताप आला की दुसरी भिंतीवरून पेजेचं भांडं द्यायची आणि देतादेताही भांडायची.

पण त्या वर्षी संक्रांत झाल्यावर एका सकाळी गोजरबाई भिंतीशी आली ती अगदी दबक्या आवाजात बोलू लागली. तिचा चेहरा पाहून अमिनाबी हातातलं काम टाकून जवळ आली.

"आमच्या मागच्या दाराच्या वळचणीला होल्यानं घरटं केलंय गं. अंडी हायती. आता मी काय करू, सांग."

यात एवढं घाबरण्यासारखं काय, हे अमिनाबीला विचारावं लागलं नाही. गोजरबाईची सून शालू गरोदर होती. याआधी दोन वेळा तिची कूस रिकामी झाली होती. एकदा चौथ्या महिन्यातच, आणि दुसऱ्या वेळी सातव्यात मेलेलं लेकरू आलं होतं. त्या दुसऱ्या वेळी होला, कबुतराच्या जातीचं ते पाखरू, आठ दिवस घराच्या आढ्यावर बसून घुमत होता, हे गोजरबाईनं मनात पक्कं कोरून ठेवलं होतं. होला ज्या घरावर बोलतो ते घर ओस पडतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं, आईला आजीनं. आणि आता तर तो नुसता बोलून गेला नव्हता, चक्क बिऱ्हाड करून बसला होता.

"मग काढून टाका की," अमिनाबी म्हणाली.

"कसं काढू? घरात दोन जिवांची बाई हाय. अशा घरात कुणी घरटं मोडतं का? अंडी फोडतं का? ठेवलं तर अपशकून अन् मोडलं तर पाप. मी रात्रभर बसून हाये."

गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. राघूवर धोंडा भिरकावणारी ही बाई रडताना अमिनाबीनं कधी पाहिली नव्हती. तिला एकदम माया दाटून आली, आणि मायेच्या भरात माणूस जे करतं तेच तिनं केलं. पुढचा मागचा विचार न करता तोडगा काढला.

"आक्का, आमच्यात होला बरकतीचा मानतेत. आमच्या पैगंबरसाहेबांच्या पाठीवर दुश्मन होते, तवा गुहेच्या तोंडाशी ह्याच जातीनं घरटं केलं अन् दुश्मन माघारी फिरले, असं आमची आजी सांगायची. तुमाला नगं तर मला द्या. मोडायचं न्हाई अन् ठेवायचं बी न्हाई. उचलून माझ्या डाळिंबावर ठेवते."

गोजरबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पदरानं डोळे पुसले. "जमंल?"

"न जमायला काय झालं?"

शालूला ओसरीवर निवडायला बसवून दोघींनी मागच्या दाराशी शिडी लावली. अमिनाबीनं सुपात पिंजलेला कापूस पसरून घेतला आणि वर चढली. होली फडफडत उडाली. घरटं कसलं, चार वाळक्या काड्या आडव्या-उभ्या टाकलेल्या, खालून बघितलं तरी अंडी दिसावीत असं. "अगं बये," अमिनाबी उडालेल्या होलीला म्हणाली, "पिंजाऱ्याच्या शेजाराला राहतेस अन् एवढी बी गादी करता येईना तुला?" गोजरबाईला इतक्या काळजीतही हसू फुटलं. दोन पांढरी अंडी काड्यांसकट सुपात आली, भिंतीवरून पलीकडे गेली आणि डाळिंबाच्या बेचक्यात नीट बसवली गेली. अमिनाबीनं त्याखाली कापसाचा चांगला जाड थर दिला. इतकं सुंदर घरटं त्या होलीच्या खानदानात कुणाचं झालं नसेल.

होली आली, पण ती वळचणीलाच आली. रिकाम्या जागी बसली, अंग फिरवून फिरवून बसली, उठली, पुन्हा बसली. अमिनाबी इकडून हलक्या आवाजात तिला बोलवत होती, "हिकडं बाई, हिकडं हायेत." पाखराला काय कळणार! त्याला जागा माहीत, काडी माहीत. नर आढ्यावर जाऊन घुमायला लागला तशी गोजरबाईनं टोपलं वाजवून दोघांनाही हुसकलं. ऊन उतरू लागलं तरी डाळिंबाकडे कुणी फिरकलं नाही. अमिनाबीनं अंड्यांना हात लावला. ती गार पडत चालली होती.

आपण मोठ्या तोंडानं केलेला हा उद्योग आता अंगाशी येणार, असं तिला वाटलं. तेवढ्यात खुराड्यातून कबरी कोंबडीचा रागीट आवाज आला. कबरी खुडूक होऊन चार दिवस नुसत्या भुशावर बसून होती. अमिनाबीचा जीव भांड्यात पडला. कोंबडीच्या पोटाखाली गेलेलं अंडं वाया जात नाही, हे ती जन्मभर बघत आली होती. दोन्ही अंडी तिनं कबरीखाली सरकवली. कबरीनं फुगून, पिसं पसरून ती आपली म्हणून घेतली.

"बसली का गं?" भिंतीपलीकडून गोजरबाईनं विचारलं.

"बसली, आक्का," अमिनाबी म्हणाली. कोण बसली, हे सांगायचं तिनं टाळलं. एवढ्यानं काही बिघडत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं, पण रात्री नमाजाला उभी राहिल्यावर ते वाक्य तिला टोचत राहिलं.

कबरीनं आपलं काम चोख केलं. एका सकाळी खुराड्यात हात घातला तर दोन ओले, गरम जीव हाताला लागले. अमिनाबी आनंदानं वेडी झाली. तशीच भिंतीकडे धावली आणि ओरडली, "आक्का! निघाली पिल्लं! दोन्ही बी निघाली!"

गोजरबाईनं तिथल्या तिथं हात जोडले. घरात जाऊन गुळाचा खडा आणला आणि अमिनाबीच्या तोंडात घातला. घरट्याचं पाप टळलं, अपशकुनही भिंतीपलीकडे गेला, आता सून सुखरूप सुटणार, असा तिनं सरळ हिशेब मांडला. पिल्लं बघायला मात्र ती आली नाही. "माझी नजर नगं," म्हणाली, "तूच बघ त्यांच्याकडं."

अमिनाबी परत खुराड्याशी गेली आणि तिथं बसूनच राहिली. खुराड्यात तिनं आजवर कोंबडीचीच पिल्लं पाहिली होती. ती अंड्यातून निघाली की अंग वाळायच्या आत पायावर उभी राहतात आणि आईच्या मागं दाणे टिपत फिरतात. ही दोन तशी नव्हती. डोळे मिटलेले, अंगावर पिवळट विरळ लव, चोची उघडून नुसती थरथरत पडलेली. कबरी कण्या टिपून दाखवायची, लाडानं बोलवायची, पण तिचं ऐकणार कोण? होली आपल्या गळ्यातलं पोराच्या गळ्यात घालते, हे कोंबडीला माहीत नव्हतं आणि अमिनाबीलाही नव्हतं. थोड्या वेळानं कबरी कंटाळून उकिरड्याकडे निघून गेली.

मग अमिनाबीनं ती पिल्लं पिंजलेल्या कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवली. शेळीच्या दुधात ज्वारीचं पीठ कालवलं, कापसाची वात वळून ती त्यात बुडवली आणि चोचीत थेंब थेंब सोडत राहिली. चाँद पाशानं त्या दिवशी स्वतःची भाकर स्वतः वाढून घेतली. पण एक पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं, आणि दुसरं त्याच्या मागोमाग. अमिनाबीनं दोघांना डाळिंबाच्या बुडाशी पुरलं. बोटाएवढ्या जिवांसाठी ती पोटातून रडली, आणि डोळे पुसून भिंतीकडे वळली, सगळं खरं सांगून टाकायला.

भिंतीपलीकडे गोजरबाई शालूच्या केसांना तेल लावत बसली होती. इतके दिवस सुनेला उठू न देणारी, बसू न देणारी बाई आज ओव्या गुणगुणत होती. शालू उन्हाकडे पाठ करून, डोळे मिटून सुखानं बसली होती. "आमिना!" गोजरबाई म्हणाली, "काल लई दिसांनी झोप लागली बघ. काय म्हणतेत तुझी लेकरं?"

अमिनाबीनं त्या दोघींकडे पाहिलं. "चांगली हायती, आक्का," ती म्हणाली.

अमिनाबीच्या तोंडून निघालेलं ते पहिलं धडधडीत खोटं. त्याला मग जावा-नणंदा येत गेल्या. पिल्लांचे डोळे उघडले. पिल्लांना पिसं फुटली. एक जरा आगाऊ आहे, दुसरं भित्रं. गोजरबाई रोज विचारायची आणि ही रोज सांगायची. बुलबुलाच्या पिल्लांचं पाहिलेलं होल्याच्या नावावर खपवायची. शेवटी एकदाची तिनं ती उडवून लावली. "उडाली आक्का, गेली आंबराईकडं." आता आपण सुटलो, असं तिला वाटलं. पण ती सुटली नाही. त्या दिवसापासून ती खरी अडकली.

कारण ती भिऊ लागली होती. तिच्या घरात शकुन-अपशकुन मानत नसत. होणारं अल्लाच्या हातात, पाखराच्या नव्हे, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि तिचा त्यावर विश्वासही होता. तरी भिंतीपलीकडे शालू खोकली की हिच्या हातातलं भांडं निसटायचं. ती मातीत पुरलेली दोन पिल्लं आणि शालूच्या पोटातलं लेकरू यांचा काही संबंध नाही, हे दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगायची आणि अकराव्या वेळी तिचा जीव पुन्हा घाबरा व्हायचा. चाँद पाशानं एकदा धनुकली खाली ठेवून विचारलं, "एवढी काहून झुरून राहिली?" तिनं सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "दोन अंड्यांवर कुणाचं नशीब असतं का?"

"नसतं," ती म्हणाली.

"मग?"

ती उठून परसात गेली. गोजरबाईची भीती तिनं घरट्यासकट सुपात घालून इकडे आणली होती आणि आता ती परत देता येत नव्हती.

त्यात शालूचा सातवा महिना सरला आणि गोजरबाईनं कमालच केली. लेकरू जन्मायच्या आधी त्याचं काही करून ठेवायचं नाही, अशी रीत. मागच्या दोन खेपांना या घरानं साधं दुपटं शिवलं नव्हतं. पण आता ती कापूस घेऊनच आली. "लेकराला गादी भरून दे. मऊ कर, तुझ्या हातची." शालूला आई नव्हती, बाळंतपण सासरीच होणार होतं, तेव्हा सगळं आपल्यालाच करायचं, असंही म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता की अमिनाबीला तिच्याकडे बघवेना. चाँद पाशानं तो कापूस दोनदा पिंजला. अमिनाबीनं गादी भरली, तीन बाजू शिवल्या आणि चौथी तशीच उघडी ठेवली. गोजरबाई विचारायची, ही म्हणायची दोरा संपला, डोळे दुखतात, उद्या शिवते. ती बाजू शिवायला तिचा हात धजतच नव्हता.

चैत्र उजाडला. एके दिवशी सकाळी शालूच्या पोटात कळा सुरू झाल्या. मंजुळाबाई सुईण आली, मागच्या खोलीचं दार लागलं. किसनराव बाहेर ओट्यावर डोकं धरून बसला. दुपार कलली तरी आतून फक्त कण्हणं ऐकू येत होतं. अमिनाबी भिंतीला दोन्ही हात लावून आपल्या परसात उभी होती. सकाळपासून उन्हात, तोंडात पाण्याचा थेंब नाही.

आणि गोजरबाईच्या आढ्यावर होला येऊन बसला. मान फुगवून, सावकाश, आपल्याच नादात तो घुमू लागला.

अमिनाबीनं वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि अंगातली सगळी ताकद लावून होल्यावर फेकलं. ते कौलावर फुटलं. तिनं दुसरं उचललं. "जा! जा मेल्या, जा हितून!" पाखरू उडून कधीच आंबराईपार गेलं होतं तरी ती फेकतच होती. बरकतीचं पाखरू म्हणून जिनं ते मागून घेतलं होतं, तीच ती. हातातलं ढेकूळ तसंच धरून ती मटकन खाली बसली. शरमेनं तिला रडू कोसळलं.

त्या रडण्यातच तिला पलीकडचं दुसरं रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, आणि मग चांगलं खणखणीत.

"पोरगी हाय गं आमिना!" गोजरबाई दारातून ओरडली, "पर गळा बघ कसा हाय! माझ्यावर गेली!" अमिनाबीनं घरात जाऊन घाईघाईनं गादीची चौथी बाजू शिवली. टाके वाकडेतिकडे पडले. पिंजाऱ्याच्या घरात असलं काम कुणी केलं नसेल.

बारसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई वाटीभर घुगऱ्या घेऊन, भिंतीला वळसा घालून, दारातून परसात आली. इतक्या वर्षांत ती या परसात कधी आली नव्हती. तिचा सगळा व्यवहार भिंतीवरून चालायचा.

"त्या दोघांच्या वाटणीच्या ह्या," ती म्हणाली. "मी पाखरांना जन्मात कधी दाणा घातला न्हाई. पर त्यांच्या पायगुणानं लेकरू आलं. कुठं बसतेत ते? डाळिंबाखाली ठेवू?"

ती डाळिंबाच्या बुडाशी वाटी ठेवायला वाकली तेव्हा अमिनाबीला राहवलं नाही. "तिथं नगा ठेवू, आक्का. तिथं त्यांना पुरलंय."

गोजरबाई वाकलेली तशीच राहिली.

मग अमिनाबीनं सगळं सांगितलं. होली आली नाही ते, कबरी, दुधाची वात, दोन्ही पिल्लं. एकही गोष्ट लपवली नाही. "मी खोटं बोलले तुमाला. रोज बोलले. काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

गोजरबाई सावकाश खाली बसली. वाटी तिच्या मांडीवर होती. ती घुगऱ्या बोटानं चाळवत राहिली.

"म्हंजे मी झोपत होते," ती शेवटी म्हणाली, "गादी भरायला आणली, वव्या म्हणत होते... तवा ती मेलेली होती."

"व्हय."

"अन् तुला ठाऊक होतं."

"व्हय, आक्का."

"म्हणून तू अशी वाळलीस? मी आपलं म्हणत होते, हिला झालंय काय." गोजरबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. "पर तुमच्यात तर अपशकून मानत न्हाईत. मग तू काहून भेलीस?"

अमिनाबी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"लेकरू तुमच्या घरचं होतं ना, आक्का."

पलीकडे पाळण्यात पोरगी रडायला लागली होती. शालूनं दोनदा हाका मारल्या, पण गोजरबाई उठली नाही. पाखरांसाठी आणलेली वाटी तिनं दोघींच्या मधे ठेवली, त्यातली मूठभर घुगरी अमिनाबीच्या हातात घातली आणि म्हणाली, "खा आधी."